भयपटातील भय येते कोठून?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. आठवीच्या वर्गातील एक मुलगा लागोपाठ तीन दिवस तांबारलेल्या डोळ्यांनी शाळेत आला. एरवी पहिल्या बाकावर बसून प्रश्नांची सरबत्ती करणारा हा मुलगा. पण आता दुसऱ्याच तासाला त्याची मान छातीवर कलू लागे. मधल्या सुट्टीत आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारपूस केली. प्रथम त्याने टाळाटाळ केली. मग हळूच सांगितले, की थोरल्या भावाच्या मोबाइलवर त्याने रात्री अंथरुणात पडून एक भयपट पाहिला होता, आणि तेव्हापासून घरातील दिवे मालवले की त्याची झोप उडून जाई. आजीने दृष्ट काढली होती, आईने उशाशी दिवा ठेवला होता. पण उपयोग झाला नव्हता. "भुते नसतात, हे मला ठाऊक आहे," असे तो आपण होऊनच म्हणाला, "पण पाठीमागे कोणी तरी उभे आहे, असे वाटतच राहते."

हे सारे तो अर्थातच आपल्या घरच्या कोंकणीत बोलत होता. कोंकणीत भयाला 'भंय' म्हणतात. तो लहानसा शब्द उच्चारताना त्याचा आवाज आपोआप खाली गेला, हे आमच्या ध्यानात राहिले आहे.

त्याला हसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आम्ही त्याच वयाचे असताना शेजाऱ्यांकडे दूरचित्रवाणीवर असाच एक चित्रपट पाहिला होता. आमचे घर जुने, न्हाणीघर मागील दारी, आणि वाटेवर माडांचा काळोख. पुढे कित्येक दिवस आम्ही न्हाणीघराकडे जाताना मोठमोठ्याने गाणी म्हणत जात असू. घरच्यांना वाटे, मुलांना गाण्याची गोडी लागली! वस्तुतः आम्हांला ती शांतता नको होती. गाणे थांबले की काही तरी ऐकू येईल, या धास्तीने आम्ही गात होतो.

भुते नसतात हे त्या मुलाला पटवून देण्यात अर्थ नव्हता, कारण ते त्याला पटलेलेच होते. मग जे नाही हे ठाऊक आहे, त्याचेही भय वाटते ते कशामुळे? हे भय गोष्टीतून येते, की गोष्ट दाखविण्याच्या रीतीतून? या प्रश्नाचा माग काढता काढता जे हाती लागले, ते वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक भेद लक्षात घेतला पाहिजे. दचकणे वेगळे आणि धास्तावणे वेगळे. रहस्यपटांचा सुप्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा भेद एका उदाहरणाने समजावून देत असे. दोन माणसे मेजाशी बसून गप्पा मारीत आहेत आणि मेजाखालचा बाँब एकाएकी फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतील, आणि प्रसंग संपला. परंतु बाँब तेथे ठेवलेला आहे व तो अमुक वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकांना आधीच दाखविले, तर त्याच निरर्थक गप्पा असह्य होऊ लागतात. उठा, तेथून निघा, असे त्या माणसांना ओरडून सांगावेसे वाटते. पहिल्या रीतीत काही सेकंदांचा धक्का मिळतो. दुसऱ्या रीतीत पंधरा मिनिटांचा ताण. म्हणजे हा ताण अज्ञानातून येत नाही. थोडेसे ज्ञान आणि पुष्कळशी असहायता यांच्या मिश्रणातून तो निर्माण होतो.

हे प्रत्यक्ष पाहावे म्हणून एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दहा-बारा मुलांना थांबवून घेतले. वेळ दुपारची, दारे-खिडक्या सताड उघड्या. हिचकॉकच्याच 'द बर्ड्स' या १९६३ सालच्या चित्रपटातील एक लहानसा प्रसंग त्यांना दाखविला. प्रसंग शाळेचाच आहे. एक तरुणी शाळेच्या आवारातील बाकावर बसून वर्ग सुटण्याची वाट पाहत आहे. तिच्या पाठीमागे मुलांच्या चढण्या-उतरण्यासाठी लोखंडी नळ्यांचा सांगाडा आहे. त्यावर एक कावळा येऊन बसतो. ती सिगारेट पेटविते. आणखी काही कावळे येतात. तिला यातले काहीच दिसत नाही. आपल्याला मात्र दिसते. यानंतर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर स्थिरावतो आणि बराच वेळ तेथून हलतच नाही. पाठीमागे काय चालले आहे, ते आता आपल्यालाही कळेनासे होते. अखेर तिला आकाशात एक कावळा उडताना दिसतो. ती त्याच्यावर नजर ठेवते, तो उतरतो, आणि तो सगळा सांगाडा कावळ्यांनी काळाभोर झालेला दिसतो.

प्रथम आम्ही हा प्रसंग आवाज बंद करून दाखविला. मुलांनी लक्षपूर्वक पाहिला. एकदोघांनी कावळ्यांची संख्या मोजली, कोणी हसलेही. दुसऱ्या खेपेला सर्वांना डोळे मिटावयास सांगून नुसता आवाज ऐकविला. वर्गात बसलेली मुले एक पाळणाघराच्या थाटाचे गाणे म्हणत आहेत, एवढेच ऐकू येत होते. त्यात भिण्यासारखे काय असणार? तिसऱ्या खेपेला चित्र आणि आवाज एकत्र केले, तेव्हा मात्र खोली चिडीचूप झाली. या प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही. किंबहुना संपूर्ण चित्रपटालाच नेहमीच्या अर्थाने पार्श्वसंगीत दिलेले नाही. पक्ष्यांचे बरेचसे आवाज ऑस्कर साला या जर्मन वादकाने ट्राऊटोनियम नावाच्या विद्युत्‌वाद्यावर तयार केले होते. या प्रसंगात ऐकू येते ते केवळ त्या निष्पाप गाण्याचे पुनःपुन्हा येणारे धृपद. मुले निर्धास्तपणे गात आहेत, आणि आपल्याला मात्र बाहेर काय जमले आहे ते ठाऊक आहे. तुकडे दोन्ही साधे. पण एकाला दुसरा भेटताच भय उत्पन्न झाले. पुढे पक्ष्यांचा हल्ला सुरू होतो, तेथे पोहोचण्याआधीच आम्ही चित्र थांबविले. आणि मुलांनी एकमुखाने तक्रार केली, हेही नमूद केले पाहिजे.

आता कॅमेऱ्याचे कार्य थोडे तपशिलाने पाहू. व्यवहारात आपल्याला शंका आली तर आपण मान वळवून मागे पाहतो. चित्रपटात ती सोय नाही. तेथे आपली मान दिग्दर्शकाच्या हाती असते. पडद्याच्या चौकटीत जे आहे तेवढेच आपल्याला दिसते, आणि चौकटीबाहेर काय आहे याचा तर्क करीत बसावे लागते. भयपटाचा निम्मा कारभार या चौकटीच्या चार कडांवर चालतो.

समीपदृश्य, म्हणजे ज्याला क्लोज-अप म्हणतात, ते घ्या. चेहरा पडदाभर दिसतो. त्यावरील भीतीची बारीकशी छटाही सुटत नाही. परंतु याच दृश्यात त्या व्यक्तीच्या मागचे-पुढचे सारे जग आपल्यापासून लपविलेले असते. वर सांगितलेल्या प्रसंगात कॅमेरा त्या तरुणीच्या चेहऱ्यावर रेंगाळतो तो याचसाठी. याच्या उलट दूरदृश्य. मोठे दालन, लांबच लांब वाट, आणि तीत एकटे माणूस अगदी एवढेसे. अशा वेळी चौकटीतील रिकामी जागाच बोलू लागते. आपली दृष्टी माणसाला सोडून अर्धवट उघड्या दाराकडे, जिन्याखालच्या काळोखाकडे जाते. तेथे बहुधा काहीच नसते. परंतु शोधण्याचे काम आपल्याला लावून दिग्दर्शक मोकळा झालेला असतो.

कॅमेरा कोणत्या उंचीवर ठेवला, यालाही अर्थ असतो. खालून वर पाहिले की समोरचे माणूस वा घर अंगावर आल्यासारखे वाटते; वरून खाली पाहिले की माणूस दुबळे दिसते. हिचकॉकच्या 'सायको' या १९६० सालच्या, प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटात एक गुप्तहेर जुन्या घराचा जिना चढत असतो. तो वर पोहोचतो न पोहोचतो तोच कॅमेरा एकदम छताजवळ जातो, आणि हल्ला आपल्याला थेट वरून दिसतो. यात दोन हेतू साधले आहेत. हल्लेखोराचा चेहरा वरून दिसत नाही, त्यामुळे रहस्य अबाधित राहते. आणि आपण लपवाछपवी करीत आहोत, असा संशयही दिग्दर्शक प्रेक्षकाला येऊ देत नाही. लगेच पुढच्या शॉटमध्ये त्या गुप्तहेराचा भेदरलेला चेहरा अगदी जवळून दिसतो. दुरून जवळ अशी ही उडी डोळ्यांना हिसका देऊन जाते.

तिसरी गोष्ट संकलनाची, म्हणजे तुकडे किती लांब ठेवावयाचे व कसे जोडावयाचे याची. त्याच चित्रपटातील स्नानगृहातील हत्येचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. पडद्यावर तो उणापुरा पाऊण मिनिट चालतो. परंतु त्यासाठी कॅमेरा ७८ निरनिराळ्या प्रकारे मांडला गेला आणि ५२ ठिकाणी चित्र तोडून जोडले गेले, असा हिशेब अभ्यासक देतात. सुरी, हात, पाण्याची धार, किंचाळणारे तोंड असे तुकडे इतक्या भराभर येतात, की सुरीचे घाव आपण प्रत्यक्ष पाहिले अशी आपली खात्री होते. वास्तविक घाव जवळजवळ दाखविलेलेच नाहीत. ते आपण मनात जोडून घेतो. म्हणजे ताण वाढविताना शॉट लांबवावयाचा, आणि आघाताच्या वेळी त्याच्या चिंधड्या करावयाच्या, असा साधारण क्रम दिसतो.

इतके झाल्यावर आता ध्वनीकडे वळू. आमच्या मते भयपटात डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक भिस्त असते, आणि त्याला सबळ कारण आहे. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. भित्रा प्रेक्षक डोळ्यांवर हात धरतो, पण कान झाकावयाचे त्याला सुचत नाही. शिवाय दृष्टी फक्त समोरचे पाहते. ध्वनी मागून येतो, भिंतीपलीकडून येतो, काळोखातून येतो. जे अजून चौकटीत आलेले नाही, त्याची वर्दी ध्वनीच देतो.

१९४२ सालच्या 'कॅट पीपल' या चित्रपटातील एक प्रसंग पाहा. दिग्दर्शक जाक तूर्नर, निर्माता व्हॅल ल्यूटन. रात्रीच्या वेळी एक स्त्री निर्जन रस्त्याने चालली आहे. तिच्या टाचांचा टक्‌टक् आवाज होत आहे, आणि तिच्या मागून दुसऱ्या टाचांचा. काही वेळाने मागची पावले ऐकू येईनाशी होतात. कोणी दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आणि ही स्त्री घाबरून चालण्याचा वेग वाढविते. आता काही तरी झडप घालणार, अशा क्षणी हिंस्र श्वापदाच्या फुत्कारासारखा कर्कश आवाज येतो, आणि पाहावे तो एक बसगाडी तिच्यासमोर येऊन थांबलेली असते! या युक्तीला चित्रपटाच्या धंद्यात 'ल्यूटनची बस' असे नावच पडले आहे. येथे बसचा आवाज दचकविण्याचे काम करतो. परंतु दचकण्याची पूर्वतयारी केली ती बंद पडलेल्या पावलांनी. सतत चालू असलेला आवाज मध्येच थांबला, की आपण कान टवकारतो. रातकिडे एकाएकी गप्प झाले की रानातला माणूस जसा थबकतो, तसेच हे आहे.

स्टॅन्ली क्युब्रिकच्या 'द शायनिंग' या १९८० सालच्या चित्रपटात तर याहूनही साधे साधन आहे. एक लहान मुलगा तीन चाकांच्या सायकलीवर बसून ओसाड हॉटेलच्या बोळांतून फिरत असतो. गॅरेट ब्राऊन याने शोधून काढलेल्या स्टेडिकॅम या साधनामुळे कॅमेरा चालत्या माणसाच्या हाती असूनही हिसके न खाता, जमिनीलगत, त्या सायकलीच्या मागोमाग तरंगत जातो. चाके लाकडी जमिनीवर आली की खडखडाट होतो. गालिच्यावर चढली की आवाज एकदम विरून जातो. खडखडाट, शांतता, पुन्हा खडखडाट. भय वाटण्याजोगे अद्याप काही घडलेले नाही; तरी प्रत्येक शांततेत आपण श्वास रोखून पुढच्या वळणाची वाट पाहतो.

संगीताचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे स्टीव्हन स्पिलबर्गचा १९७५ सालचा 'जॉज'. जॉन विल्यम्सने शार्क माशासाठी रचलेली धून अगदी शेजारशेजारच्या दोन स्वरांवर उभी आहे. आपल्या पेटीवर सा आणि कोमल रे आळीपाळीने वाजवून पाहावेत. प्रथम संथ, मग जलद, मग अधिक जलद. चित्रीकरणासाठी बनविलेला यांत्रिक मासा वारंवार बिघडत असे, म्हणून तो पडद्यावर फारसा दाखविता येईना. निम्म्याहून अधिक चित्रपट उलटेपर्यंत तो नीट दिसतच नाही. त्याच्या जागी पाण्याच्या पातळीवर ठेवलेला कॅमेरा आणि ही धून यांनी काम भागविले. अडचणीतून लाभ झाला तो असा. आमच्याकडील जत्रांत दशावतारी नाटक पाहिलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. पखवाज आणि झांज यांचा नूर बदलला, की मांडीवर पेंगणारी मुलेही राक्षस येणार हे ओळखून सावरून बसतात.

परंतु 'जॉज'ची खरी हुशारी पुढेच आहे. एका प्रसंगात दोन खोडकर पोरे पुठ्ठ्याचा खोटा पर पाण्यावर तरंगवून लोकांची पळापळ करतात. त्या वेळी ही धून वाजत नाही. मासा खरा असेल तेव्हाच धून वाजते, असा नियम प्रेक्षकाच्या मनात नकळत पक्का होतो. आणि तो पक्का झाल्यावर पुढे एकदा मासा धून न वाजताच पाण्यातून एकदम वर येतो. ज्याच्यावर विसंबलो, त्यानेच दगा द्यावा, तसे होते!

आपल्या देशातील उदाहरण द्यावयाचे तर बॉम्बे टॉकीजच्या 'महल' या १९४९ सालच्या बोलपटाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश, आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हा जर्मन कलावंत. ओसाड हवेलीतील छाया-प्रकाशाचा खेळ त्याने मोठ्या नजाकतीने टिपला आहे. या चित्रपटातील गाजलेले गाणे गाणारी मुलगी त्या वेळी अवघी विशीच्या उंबरठ्यावर होती. इंदूरला जन्मलेल्या आणि वडिलांकडून आपल्या गोव्याच्या मंगेशीशी नाते असलेल्या त्या लता मंगेशकर. गाण्याचा आरंभ दुरून, कोठून तरी अज्ञातातून यावा, अशी कल्पना होती. ध्वनियंत्रात फेरफार करून असा परिणाम साधण्याची आजची साधने तेव्हा नव्हती. म्हणून मायक्रोफोन खोलीच्या मध्यावर ठेवण्यात आला आणि लताबाई दूर कोपऱ्यातून गात गात पावलापावलाने त्याच्याजवळ आल्या, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. म्हणजे त्या स्वरातील दुरावा हा भास नव्हे. ती खरीखुरी चाललेली पावले आहेत. गाण्यात भेसूर असे काही नाही, उलट ते अतिशय मधुर आहे. तरीही गाणारी कोठे आहे ते कळत नाही, म्हणून अंगावर काटा येतो.

हे सारे आपल्या देहावर परिणाम का करते, याचेही थोडे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी दिले आहे. मोठा आवाज एकाएकी झाला, की डोळे मिटणे, मान व खांदे आक्रसणे ही क्रिया सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच सुरू होते. विचाराला तेथे वावच मिळत नाही. आणि मन आधीच धास्तावलेले असेल, तर हीच क्रिया अधिक जोराने घडते. डॅनिएल ब्लमस्टाइन हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ खारीच्या कुळातील मार्मोट या प्राण्यांचा अभ्यास करीत असता, संकटात सापडलेल्या पिलांची फाटलेली, कर्कश किंकाळी ऐकून आपण स्वतःच अस्वस्थ होतो, हे त्यांच्या लक्षात आले. पुढे २०१० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक चित्रपटांचे ध्वनी तपासले, तेव्हा याच जातीच्या ध्वनींचा चित्रपटांत भावना चाळविण्यासाठी उपयोग केला जातो, असे त्यांना आढळले. 'सायको'मधील स्नानगृहाच्या प्रसंगात व्हायोलिनांच्या तारांतून निघणारी किंकाळी याच कुळातली. आपली बुद्धी पडद्याकडे पाहून हे खोटे आहे असे म्हणते; परंतु देहाला ते ऐकू येईपर्यंत तो दचकून मोकळा झालेला असतो. त्या आठवीतल्या मुलाचे कोडे येथे सुटते. भुते नाहीत हे त्याच्या बुद्धीला ठाऊक होते. भ्याले होते ते त्याचे कान.

हा सारा विषय करमणुकीपुरता असता, तर आम्ही त्यावर इतके लिहिले नसते. परंतु भय निर्माण करण्याची ही साधने केवळ चित्रपटगृहात राहिलेली नाहीत. ती आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा मोबाइलवरून देशभर पसरल्या होत्या. त्या वेळी फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनविलेली होती. मोटारसायकलवरील माणसे मूल उचलून नेतात, आणि शेवटी ते परत आणून सोडतात, असे मूळ चित्र होते. कोणी तरी तो शेवट कापून टाकला. उरला तो नुसता अपहरणाचा देखावा, आणि लोकांनी तो खरा मानला. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. कोठे कापावे आणि काय दाखवू नये, हा चित्रपटातील संकलकाचा साधा धडा. त्याचा असा दुरुपयोगही होऊ शकतो. म्हणून एखादी चित्रफीत पाहून छातीत धडधडू लागले, तर ती पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही मुलांना सांगतो. चौकटीबाहेर काय होते? याच्या आधी व नंतर काय घडले? आणि आवाज बंद केला, तर हेच भय वाटेल काय?

पालकांनाही एक विनंती आहे. चित्रपटांच्या प्रमाणपत्रांकडे दुर्लक्ष करू नये. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या चित्रपटांचे ७, १३ व १६ वर्षे असे वयोगट ठरविण्यात आले, ते याचसाठी. आणि तरीही मूल भ्यालेच, तर त्याला भित्रा म्हणून हिणवू नये. भिणे हा दोष नव्हे. कान व डोळे आपले काम चोख करीत असल्याची ती खूण आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करू. शनिवारच्या त्या प्रयोगानंतर त्याने भावाला शेजारी बसवून आपल्याला घाबरविणारा तोच प्रसंग भर दुपारी पुन्हा पाहिला, प्रथम आवाजाविना आणि मग आवाजासह. सोमवारी तो आम्हांला शोधत आला. संगीत नेमके कोठे थांबते, ते त्याने वहीत लिहून आणले होते. "अजून थोडेसे वाटते," असे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. पण झोप लागू लागली होती. मग नेहमीप्रमाणे त्याने एक प्रश्न टाकला: ज्यांनी हे चित्रपट केले, त्यांना तर सगळ्या युक्त्या ठाऊक असतात, मग त्यांना स्वतःला भय वाटत असेल काय?

आम्ही त्याला हिचकॉकची हकीकत सांगितली. 'सायको'मधील स्नानगृहाच्या त्या प्रसंगाला संगीत मुळीच नको, असे हिचकॉकचे म्हणणे होते. संगीतकार बर्नर्ड हरमनने ते न जुमानता केवळ तंतुवाद्यांवर संगीत रचले आणि दिग्दर्शकाला ऐकविले. प्रत्येक तुकडा कोठे जोडला आहे हे तोंडपाठ असलेल्या त्या माणसाने ते ऐकले, आणि आपला हुकूम मागे घेतला. मुलाने ते लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि घंटा झाली म्हणून तो वर्गाकडे पळाला. त्या दिवशी दुसऱ्या तासाला तो जागा होता.